पाकळ्या मोजून घ्या

(आपल्या मंडळाच्या मासिक कट्ट्यावर ‘माझा छंद’ या मालिकेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘कुशल नाविक’ अशी करून दिली. त्यांचा मी आभारी आहे, पण गोष्ट ऐकून झाल्यावर ते विशेषण परत घ्यायची पाळी त्यांच्यावर येणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. मागच्या महिन्यात याच जागेवरून आपण बोन्सायबद्दल ऐकलं, त्याआधी पैठणीबद्दल. आज माझा विषय आहे रबराचं एक चक्र. लहान बटाटेवड्याएवढं. दोन चक्रं घेऊन आलोय, ती पहिल्या रांगेपासून हातोहात फिरवा. एक कोरं आहे, एक वर्षभर वापरलेलं. मधे पितळेचा तुंबा आणि भोवती रबराच्या सहा पाकळ्या. याला म्हणतात इम्पेलर. शेवटी दोन्ही परत द्या हं, आणि पाकळ्या मोजून द्या. का, ते कळेलच.

आमचं घराणं घाटावरचं. कृष्णाकाठचं सांगली जिल्ह्यातलं गाव, ऊस आणि थोडी हळद. समुद्राशी संबंध म्हणजे गणपतीपुळ्याला जाऊन गुडघाभर पाण्यात उभं राहण्यापुरता. तरीही २०१३ साली मी एक जुनी शिडाची बोट विकत घेतली. तीस फुटी, १९८७ सालची. ती बर्कलीच्या धक्क्यावर असते. ‘शिडाची बोट’ म्हटलं की लोकांना वाटतं, इंजिन कशाला? तर धक्क्यातून बाहेर पडायला, परत आत यायला आणि वारा पडला की घरी पोचायला. माझ्या बोटीत दोन सिलिंडरचं छोटं डिझेल इंजिन आहे. घरी मी त्याला ‘जनरेटर’ म्हणतो, सौ. ‘खर्च’ म्हणते.

आता हे चक्र करतं काय ते सांगतो. गाडीच्या इंजिनाला पुढे रेडिएटर असतो, त्यावर वारा लागतो. बोटीच्या पोटात वारा कुठला? म्हणून समुद्राचंच पाणी आत घ्यायचं. बोटीच्या तळाला एक भोक असतं, त्यावर एक कॉक. तिथून पाणी गाळणीत येतं, गाळणीतून पंपात. पंप ते हीट एक्स्चेंजरमध्ये ढकलतो. इंजिनात फिरणारं हिरवं कूलंट वेगळं असतं. ते आपली उष्णता एक्स्चेंजरमध्ये या खाऱ्या पाण्याला देतं. मग तेच खारं पाणी एक्झॉस्टच्या नळीत सोडतात, म्हणजे धूरही थंड होतो, आणि शेवटी धूर आणि पाणी बोटीच्या मागून एकत्र बाहेर पडतात. म्हणून बोटवाले इंजिन सुरू केल्याबरोबर मागे वाकून बघतात. ते दृश्य पाहत नसतात, पाणी पडतंय का ते बघतात.

या सगळ्या रांगेत खारं पाणी ओढणारी वस्तू एकच, हे चक्र. पंपाच्या गोल डब्यात एका बाजूला थोडा उंचवटा असतो. पाकळ्या त्या उंचवट्यावरून जाताना वाकतात, पुढे गेल्या की सरळ होतात. सरळ होताना पाणी ओढतात, वाकताना पुढे दाबतात. इतकं साधं आहे. पण एक मेख आहे. त्या पाकळ्यांना वंगण म्हणून पाणीच लागतं. पाण्याशिवाय फिरल्या की रबर धातूवर घासतं, तापतं आणि बघता बघता फाटतं.

आता माझा पराक्रम ऐका.

२०१६ च्या ऑक्टोबरात अण्णा, म्हणजे माझे वडील, पहिल्यांदाच अमेरिकेत आले होते. वय चौऱ्याहत्तर. येऊन तीन आठवडे झाले होते. आपल्यापैकी ज्यांचे आईवडील इथे येतात त्यांना वेगळं सांगायला नको. आम्ही दोघं कामावर, मुलगी शाळेत, आणि अण्णा खिडकीत. जन्मभर पहाटे पाचला मोटर चालू करायला उठणारा माणूस इथे सकाळी उठून करणार काय? एकदा त्यांनी आमचं गवत कापायचं यंत्र खोलून साफ केलं, तर मी म्हणालो, “अण्णा, राहू द्या हो, त्याला माणूस येतो.” ते काही बोलले नाहीत. यंत्र परत जोडून ठेवलं. हे वाक्य मला पुढे बरेच दिवस आठवत राहिलं.

एका रविवारी सगळ्यांना बोटीवर न्यायचं ठरवलं. शनिवारी संध्याकाळी एकटाच जाऊन तयारी केली. पाण्याची गाळणी साफ केली. ती उघडताना तळाचा कॉक बंद करावा लागतो, नाहीतर समुद्र आत. काम झालं, हात पुसले, घरी आलो. कॉक उघडायचा राहिला!

रविवारी सकाळी इंजिन सुरू केलं, आणि मी आपला दोऱ्या, डबे, लाइफ जॅकेट यांत गुंतलो. मिनिट-दीड मिनिटानं आमची कन्या म्हणाली, “बाबा, मागून पाणी येत नाहीये.” तिचं वय तेव्हा अकरा. मी धावत जाऊन इंजिन बंद केलं, कॉक उघडला, पुन्हा सुरू केलं. पाणी आलं. मी म्हणालो, “झालं!” आणि निघालो.

खरं तर तिथेच झाकण खोलून चक्र बघायला हवं होतं. ते दोन वर्षं बदललेलं नव्हतं. आणि कोरं चक्र बोटीवर होतं! आधीच्या मालकानं पाकीटबंद ठेवून दिलेलं. ते खणात आहे म्हणून मी निर्धास्त. ते बसवायचं कसं, हे मात्र मी कधी करून पाहिलं नव्हतं. मागच्या खेपेला मेकॅनिकनं बदललं तेव्हा मी धक्क्यावर उभा राहून फोनवर बोलत होतो.

जाताना छान गेलो. एंजल आयलंडच्या आयाला कोव्हमध्ये बोट बांधली, सौ.नं केलेल्या थालीपिठांचा समाचार घेतला. अण्णांनी बेटावर चक्कर मारली. चार वाजता परत निघालो तेव्हा वारा जवळपास पडला होता आणि ओहोटी लागली होती. आयाला कोव्हच्या समोर टिब्युरॉन आहे, आणि मधली अरुंद खाडी म्हणजे रकून स्ट्रेट. ओहोटीला सगळं पाणी तिथून गोल्डन गेटकडे धावतं. आम्हाला जायचं होतं उलट दिशेला. म्हणजे इंजिनाला पूर्ण ताकदीनं प्रवाहाविरुद्ध रेटायचं.

अण्णा मागे, एक्झॉस्टच्या अगदी वर बसले होते. वीसेक मिनिटांनी म्हणाले, “आवाज बदललाय. पाणी कमी पडाय लागलंय बघ.”

मी म्हणालो, “अण्णा, बोटीच्या इंजिनाचा आवाज असाच असतो.”

मंडळी, त्या माणसानं तीस वर्षं नदीकाठी डिझेल इंजिनावर पाणी उपसलेलं. रात्री घरात झोपलेले असताना इंजिनाचा आवाज बदलला की ते उठून बसायचे. आणि मी त्यांना इंजिनाचा आवाज शिकवत होतो!

दोन मिनिटांत मागून पांढरी वाफ यायला लागली आणि बझर वाजला. इंजिन बंद केलं. एकदम शांत. त्या शांततेत बोट मागे, गोल्डन गेटच्या दिशेनं वाहायला लागली.

मी सगळ्यांना सांगितलं, “काही नाही, जरा गरम झालंय.” पोटात मात्र गोळा आला होता. पाणी खोल, तिथे माझा नांगर कामाचा नाही. ओहोटीला गोल्डन गेटखाली पाण्याचा वेग चार-पाच नॉटपर्यंत जातो. पलीकडे उघडा पॅसिफिक. एवढ्याशा वाऱ्यावर माझी बोट त्या प्रवाहाशी झगडू शकत नाही. शीड वर केलं, तर ते ओल्या धोतरासारखं लोंबत राहिलं. तेवढ्यात एका फेरीबोटीनं भोंगा दिला. पाच छोटे भोंगे. त्याचा अर्थ, ‘तुमचा इरादा मला कळत नाही, धोका आहे.’ इरादा माझा मलाच कळत नव्हता! मी रेडिओवर त्यांना इंजिन बंद पडल्याचं सांगितलं. ती फेरी लांबून वळसा घालून गेली. कन्या आईला चिकटून बसली होती. सौ. माझ्याकडे बघत होती, काही बोलत नव्हती. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

स्ट्रेटच्या तोंडाशी आल्यावर पश्चिमेकडून जराशी झुळूक आली आणि सुकाणूला बोट ऐकायला लागली. उजव्या हाताला रिचर्डसन बे, उथळ आणि तळाशी चिखल. कशीबशी तिकडे वळवली. पंधरा फूट पाणी दिसल्यावर नांगर टाकला, दोर भरपूर सोडला, खोलीच्या सातपट. नांगर धरला. बोट थांबली. मी खाली बसलो. हात थरथरत होते.

अण्णा उठले, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि म्हणाले, “पान्हे कुठं हाईत?”

पहिलं काम कॉक बंद करणं. अण्णांनी विचारलं, इंजिनाची किल्ली कुठे आहे? दिली. ती त्यांनी कॉकच्या दांड्याला सुतळीनं बांधली. म्हणाले, “आता कॉक उघडल्याबिगर किल्ली हातात येणार न्हाई.” ही युक्ती पुढे मला बोटींच्या एका पुस्तकात वाचायला मिळाली. अण्णांनी ते पुस्तक वाचलेलं नाही. शनिवारी मला ती माहीत असती तर आजचं भाषण बोन्सायवर झालं असतं.

दुसरं, इंजिन निवू देणं. त्यात अर्धा तास गेला. तेवढ्यात मी त्यांना पंप समजावून सांगितला. ते म्हणाले, “ह्याला पाणी भरावं लागत न्हाई?” आपल्याकडच्या शेतातल्या पंपात आधी पाणी भरावं लागतं, फुटबॉल नीट धरत नसला की पंप हवा धरतो आणि नुसता फिरत राहतो. फुटबॉल म्हणजे फूट व्हॉल्व्ह, हे मलाही इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. तो पंप पाणी फेकतो, हा पिळतो, म्हणून हा कोरडा असला तरी पाणी वर ओढू शकतो. अण्णा म्हणाले, “म्हंजे हा गाईची धार काढल्यासारखा हाय.” इतकी नेमकी उपमा मला कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडलेली नाही.

माझ्या इंजिनात पंपाचं झाकण मागच्या बाजूला आहे. दिसत नाही, हातानं चाचपावं लागतं. मी पालथा पडलो, कन्येनं बॅटरी धरली. सहा बारीक स्क्रू. त्यातला एक सुटला आणि थेट बोटीच्या तळाशी, तेलकट पाण्यात. चुंबक लावून पाहिलं, पण पितळेचा स्क्रू चुंबकाला काय दाद देणार? शेवटी कन्येचा लहान हात कामाला आला. तेव्हापासून मी आधी खाली जुना टॉवेल पसरतो.

झाकण निघालं. चक्र बाहेर काढायच्या आधी कन्येनं फोनवर फोटो काढला. पाकळ्या कोणत्या बाजूला वाकल्यात ते नंतर आठवत नाही, म्हणून. चक्र स्क्रू ड्रायव्हरनं उचकटायचं नाही, डब्याला आतून ओरखडे पडतात आणि मग पंप नीट ओढत नाही. दोन पकडींनी तुंब्याला धरून हळूहळू ओढलं आणि चक्र हातात आलं. दोन पाकळ्या मुळासकट गायब, तिसरीला चीर.

मी खूश! कारण सापडलं होतं. नवं पाकीट फाडलं आणि म्हणालो, “चला, बसवून टाकू. अंधार पडायच्या आत निघू.”

अण्णा म्हणाले, “थांब. पाकळ्या मोज.”

“चार आहेत.”

“हुत्या किती?”

“सहा.”

“मग दोन कुठं गेल्या?”

मंडळी, माझ्या संगणकाच्या धंद्यात चूक सापडली की ती दुरुस्त करून पुढे जायची सवय. तुटलेली गोष्ट कुठे गेली, हे विचारायची सवय नाही. पण रबर काही हवेत विरत नाही. पाण्याबरोबर ते पुढे गेलं असणार, आणि पुढे हीट एक्स्चेंजर, त्याच्या नळ्या पेनाच्या रिफिलीसारख्या. मी म्हणालो, “आधी सुरू करून बघू, पाणी आलं तर झालं.”

तेव्हा त्यांनी सांगितलं. एकदा ऐन उन्हाळ्यात त्यांच्या पंपात वॉशरचा तुकडा तुटून अडकला होता. त्यांनी नवा वॉशर घातला, तुकडा शोधला नाही. पाणी आलं, तेही असेच खूश झाले. अर्ध्या पाळीत पाणी बंद पडलं. वीस गुंठे ऊस वाळला. “पाणी आलं म्हंजे काम झालं न्हाई,” ते म्हणाले, “ते टिकलं पायजे.” आणि मग हळू आवाजात, “तवा मी एकटा हुतो. आज बोटीत पोर हाय.”

मी गप्प बसलो आणि पुढची नळी सोडवली.

एक तुकडा पंपाच्या तोंडाशीच नळीत होता. दुसरा सापडेना. पुढची जोडणी सोडवली, एक्स्चेंजरच्या तोंडात बॅटरी मारली. तिथे काळा ठिपका. तारेचा आकडा करून अण्णांनी तो ओढून काढला. दोन्ही तुकडे जुन्या चक्राला लावून पाहिले. बरोबर बसले. सहा!

पाकिटात चक्राबरोबर कागदी पॅकिंगही होतं, पण इतकी वर्षं पडून वाळलं होतं. हात लावताच फाटलं. आता? अण्णांनी किराण्याची तपकिरी कागदी पिशवी घेतली, पंपाच्या कडेवर धरली आणि पान्ह्याच्या मागच्या बाजूनं कड हलके हलके ठोकत गेले. कागद तिथल्या तिथे कापला जातो. दहा मिनिटांत भोकांसकट पॅकिंग तयार. ते कायमचं नव्हे, त्याच आठवड्यात मी नीट जाडीचं आणून बसवलं. पण त्या दिवशी त्यानं साथ दिली.

माझ्या ज्ञानाचाही थोडा उपयोग झाला. अण्णा चक्राला ग्रीस लावायला निघाले होते. मी म्हणालो, साधं ग्रीस या रबराला खातं. मग भांडी घासायचं साबण लावलं. निसटतं चक्र तुंब्याला धरून, फिरायच्या दिशेनं पिळत आत घातलं, आसावर बसवलं, पॅकिंग, झाकण, स्क्रू समोरासमोरचे आलटून पालटून आवळले. नळ्या जोडल्या. कॉक उघडला, किल्ली सुटली.

इंजिन सुरू केलं. कोणी बोलत नव्हतं. अण्णा मागे वाकून बघत होते. एक, दोन, तीन... आणि मग भस्सकन पाणी! कन्या ओरडली. अण्णांनी मात्र हात वर करून सगळ्यांना थांबवलं. पाच मिनिटं ते नुसते ऐकत राहिले. मग म्हणाले, “हां. आता चल.”

अंधार पडल्यावर बर्कलीला पोचलो. सौ. धक्क्यावर उतरून मग बोलायला लागली. ते इथे सांगत नाही.

पुढचे चार आठवडे अण्णा खिडकीत बसले नाहीत. गवताचं यंत्र, शेजाऱ्यांची सायकल, आमचा गळका नळ. मी एकदाही म्हणालो नाही की त्याला माणूस येतो. जाताना त्यांनी एकच वस्तू मागितली, ते चार पाकळ्यांचं चक्र. ते आता गावाकडे मोटरच्या पेटीशेजारी खिळ्याला टांगलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, “हे अमेरिकेचं.”

आता ज्यांची बोट आहे, किंवा घ्यायचं मनात आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. वर्षातून एकदा चक्र बदला, खराब दिसत नसलं तरी. फिरवायला दिलेल्यातलं जुनं वाकवून पाहा, पाकळीच्या मुळाशी बारीक चिरा दिसतील. पहिल्यांदा स्वतः बदलाल ते धक्क्यावर, दिवसाउजेडी, चहाचा कप शेजारी ठेवून. खणात कोरं चक्र असणं आणि ते बसवता येणं यात केवढं अंतर आहे, ते मी रकून स्ट्रेटमध्ये मोजलंय. चक्राबरोबर पॅकिंगही जादा ठेवा. कॉक बंद केला की किल्ली त्याला बांधा. इंजिन सुरू होताच मागे बघा. इंजिन कोरडं फिरलं असेल तर नंतर पाणी आलं तरी झाकण खोला. पाकळी तुटली असेल तर तुकडा सापडेपर्यंत निघू नका. आणि मागे बसलेला माणूस म्हणाला की आवाज बदललाय, तर आधी इंजिन मंद करा, वाद नंतर घाला.

मी दर वर्षी दिवाळीच्या आधीच्या रविवारी चक्र बदलतो. आपल्याकडे घराची साफसफाई, तशी ही बोटीची. दिवाळीच्या पहिल्या दिवशी अण्णांना फोन केला की ते आधी विचारतात, “चक्र बदललंस का?” मग फराळाचं विचारतात.

एवढं बोलून थांबतो. चहा तयार आहे असं मागून खुणावताहेत. ती दोन चक्रं कुठवर पोचली? आणा इकडे. मोजून घेतो... सहा, आणि सहा.